जेफ्री बावा आणि त्याची हॉटेलं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हा जेफ्री बावा नेमका कोण?

श्रीलंकेचा आर्किटेक्ट, जन्म कोलंबोत २३ जुलै १९१९ चा, गेला २७ मे २००३ ला. श्रीलंकेची संसद त्याने बांधली, विद्यापीठ बांधलं, घरं बांधली, पण जगभर त्याचं नाव झालं ते जास्त करून हॉटेलांमुळे. आज कुठल्याही उष्ण देशातल्या रिसॉर्टमध्ये गेलात की भिंती नसलेली लॉबी, उतरत्या छपराखालची लांब ओसरी, मध्ये पाणी, पाण्यापलीकडे झाडं असं जे चित्र दिसतं ना, त्यातलं बरंचसं या माणसाने १९६७ ते १९९७ या तीस वर्षांत करून ठेवलंय. बाकीच्यांनी मग त्याची कॉपी मारली, काहींनी चांगली, बऱ्याच जणांनी वाईट.

बावा म्हणजे पारशी का?

नाही हो. मुंबई-पुण्याच्या माणसाला हा प्रश्न पडतोच. वडील बेंजामिन बावा, नावाजलेले वकील, त्यांच्या घराण्यात मुस्लिम आणि युरोपियन रक्त मिसळलेलं, आणि आई बर्था श्रेडर बर्घर समाजातली, म्हणजे डच वगैरे वंशाच्या लोकांचा जो तिकडे समाज आहे त्यातली. त्यामुळे तो तिथल्या कुठल्याच एका गटात नीट बसत नव्हता. माझ्या मते त्याचा त्याला फायदाच झाला, सिंहली, डच, पोर्तुगीज, इंग्रज, सगळ्यांच्या वास्तू त्याला सारख्याच आपल्या वाटायच्या आणि ज्यातलं जे आवडेल ते तो बिनधास्त उचलायचा.

तो आधी वकील होता हे खरं का?

खरंय. केंब्रिजला इंग्रजी साहित्य शिकला, मग कायदा, १९४४ मध्ये लंडनला बॅरिस्टर झाला. कोलंबोला परत येऊन थोडे दिवस वकिली केली पण मन काही लागेना. १९४६ ला आई गेली, वडील तर लहानपणीच गेलेले, घरचा पैसा हाताशी होता, मग गडी निघाला जगप्रवासाला. इटलीत गार्डा तलावाच्या काठी एक व्हिला घ्यायचा आणि तिथेच राहायचं असा बेत होता, तो फिसकटला आणि १९४८ मध्ये परत आला. त्याच वर्षी बेंटोटाजवळ देद्दुवा तलावाकाठची एक मोडकळीला आलेली रबराची इस्टेट विकत घेतली, तीच लुनुगंगा. इटली मिळाली नाही तर इटली इथेच बनवू असा काहीसा विचार.

आता जमीन घेतली, पण डोंगर कुठे कापायचा, झाडं कुठली काढायची, घराचं तोंड कुठे फिरवायचं हे काही कळेना, डोक्यात कल्पना खूप पण त्या उतरवायचं तंत्र येत नाही. त्या बागेपायी तो आर्किटेक्चरकडे वळला. १९५१ पासून कोलंबोच्या एडवर्ड्स, रीड अँड बेग या जुन्या फर्ममध्ये रीडच्या हाताखाली उमेदवारी केली, १९५२ मध्ये रीड वारला, मग हा लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशन स्कूलमध्ये दाखल झाला आणि १९५७ मध्ये पास झाला तेव्हा वय ३८. पुढे त्याच जुन्या फर्ममध्ये भागीदार.

३८ व्या वर्षी सुरुवात म्हणजे उशीर नाही झाला?

या लाइनमध्ये तसा उशीर नसतोच फार. आणि हॉटेलच्या कामात तर उशिरा येण्याचा उपयोग झाला असं मला वाटतं, कारण तोवर त्याने स्वतः जगभरात चिकार प्रवास केला होता, दमून भागून एखाद्या अनोळखी गावात पोचल्यावर माणसाला काय हवं असतं हे त्याला अनुभवाने माहीत होतं. बावाची हॉटेलं पाहुण्याच्या पायाने विचार करतात. गाडीतून उतरला, सावलीत आला, दोन पायऱ्या चढला, आता याला काय दिसलं पाहिजे?

हॉटेलांकडे कसा वळला?

सरकारमुळे. परकीय चलनाची बोंब होती आणि १९६६ मध्ये सिलोन टुरिस्ट बोर्ड स्थापन झालं (तेव्हा देशाचं नाव सिलोन होतं, श्रीलंका झालं १९७२ मध्ये). समुद्रकिनाऱ्यावर परदेशी पर्यटक आणायचे आणि डॉलर कमवायचे असा सरळ हिशोब. बेंटोटाला एक अख्खं पर्यटन गाव वसवायचं ठरलं आणि त्यातलं मुख्य हॉटेल बावाकडे आलं. लुनुगंगा तिथून जवळच, म्हणजे तिथली हवा, पाऊस, माती, नारळ सगळं त्याला तोंडपाठ.

बेंटोटा बीच हॉटेलमध्ये एवढं काय होतं?

१९६९ मध्ये ते पूर्ण झालं. जागा बघा, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला बेंटोटा नदी, मध्ये जमिनीची पट्टी आणि तिच्यावर एक टेकाड. त्या काळात बीच हॉटेल म्हणजे काँक्रीटचा उभा ठोकळा आणि प्रत्येक खोलीला बाल्कनी. बावाने टेकाडाच्या बाजूने दगडी जोतं असं काही उचललं की खालून तो जुना किल्ला वाटावा. आत शिरलं की अंधारं, बुटकं, थंड. वर छताला एना डी सिल्वाचं बाटिक, म्हणजे मेणाने नक्षी काढून रंगवलेलं कापड, भडक रंगांचं. पायऱ्या चढून वर आलं की एकदम उजेड, मधोमध चौक, चौकात पाणी आणि चाफा, आपल्या वाड्यात दिंडी दरवाज्यातून चौकात आल्यावर जसं होतं अगदी तसं. खोल्या वरच्या मजल्यांवर आणि वर कौलारू छप्पर.

यातली खरी गंमत अशी की समुद्र त्याने लगेच दाखवलाच नाही. आलेला माणूस समुद्रासाठीच आलेला असतो, त्याला दारातच समुद्र दिला की संपलं, पुढे बघायला काय राहिलं? त्याला आधी अंधारातून नेलं, मग चौकात थांबवलं, मग हळूच एका बाजूने समुद्र दाखवला. ही युक्ती तो पुढे आयुष्यभर वापरत राहिला, फक्त दर वेळी वेगळ्या रूपात.

त्याची डिझाइन फिलॉसॉफी काय होती, थोडक्यात सांगा

थोडक्यात सांगायचं तर पंचाईत आहे कारण तो स्वतः कधी सांगायचा नाही. थिअरी मांडणं, लेख लिहिणं, भाषणं ठोकणं याची त्याला ॲलर्जीच. वास्तू ही त्यातून चालत जाऊन कळते, बोलून नाही, असं त्याचं साधारण म्हणणं. तरी त्याच्या हॉटेलांवरून मला जे कळलंय ते असं की त्याच्यासाठी बिल्डिंग ही बघायची वस्तू नव्हतीच, बिल्डिंग ही बाहेरचं बघायची जागा होती. त्यामुळे त्याच्या कामाचे फोटो काढताना लोकांची अडचण होते, समोरून उभं राहून काढावा असा दर्शनी भागच सापडत नाही बऱ्याचदा. पण आत उभं राहून बाहेर बघा, प्रत्येक खांब, प्रत्येक उंबरा, छपराची प्रत्येक कड कुठेतरी दूर नेम धरून बसलेली असते.

दुसरं म्हणजे आत आणि बाहेर यात त्याने रेघ मारली नाही. ओसरी आहे, चौक आहे, अर्धी भिंत आहे, जाळी आहे, पाऊस आला तर दोन फूट आत सरका एवढंच. उष्ण आणि दमट हवेत वारा खेळता ठेवणं आणि ऊन-पाऊस अडवणं ही दोन कामं झाली की काचेची गरजच काय, हा त्याचा प्रश्न. खोल्यांना एसी आले तरी लॉबी, जिने, पॅसेज, जेवायच्या जागा शक्यतो उघड्याच.

तिसरं, जुनं वापरायला लाज नाही. कोलंबोतल्या त्याच्या स्वतःच्या घरात, ३३ वी लेन, नंबर ११, तिथे दक्षिण भारतातून आणलेले चेट्टिनाडचे खांब आहेत, जुने दरवाजे आहेत, आणि शेजारी शुद्ध मॉडर्न पांढरी भिंत. चार छोटी घरं एकेक करून घेत गेला आणि जोडत गेला, त्यामुळे आत गेल्यावर आपण कुठून कुठे आलो याचा पत्ताच लागत नाही.

साधंसुधं लोकल मटेरियल हे त्याचं तत्त्व होतं का नाइलाज?

दोन्ही, आणि सुरुवात नाइलाजाने झाली. १९६० च्या दशकात आणि १९७० च्या दशकात बराच काळ तिथे आयातीवर कडक निर्बंध होते, स्टील, काच, फिटिंग्ज काहीच सहज मिळायचं नाही. मग जे देशात आहे त्यातच भागवा. लाकूड, दगड, चुना, नळीची कौलं, घोटलेली सिमेंटची जमीन, हातमागाचं कापड, पितळ. हॉटेलला लागणारे दिवे, खुर्च्या, पडदे, अगदी ॲशट्रेसुद्धा तिथल्याच कारागिरांकडून करून घ्यायचे.

त्याच्या छपराचं उदाहरण मला फार आवडतं. नळीची कौलं दिसायला छान, उष्णता अडवतात, पण गळतात, माकडं नाचली की सरकतात आणि दरवर्षी शाकारावी लागतात. सिमेंटचा पन्हाळी पत्रा गळत नाही, पण दिसायला दरिद्री आणि खाली भट्टी. बावाच्या ऑफिसने पत्रा खाली टाकला आणि त्याच्या पन्हाळींवर कौलं बसवली. पाणी पत्रा अडवतो, ऊन कौल अडवतं, आणि उतार कमी ठेवता येतो त्यामुळे मोठमोठी छपरं एका झोकात खाली उतरतात. स्वस्त, डोकेबाज आणि कुठलीही आयात नाही. ज्याला लोक आता बावा स्टाइल छप्पर म्हणतात ते असं टंचाईतून आलंय, कवितेतून नाही. १९७७ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली, सगळं मिळायला लागलं, तरी त्याने हे सोडलं नाही, म्हणून दोन्ही म्हटलं.

कंदलमाबद्दल इतकं का बोललं जातं?

कारण ते हॉटेल बघायला गेलं तर दिसतच नाही!

दांबुल्लाजवळ, १९९१ ला काम हातात आलं, १९९४ ला हॉटेल उघडलं. बावाने सत्तरी ओलांडलेली, जुनी फर्म सोडून घरातूनच तरुण मुलांना घेऊन काम करत होता, १९८३ नंतर यादवीमुळे पर्यटन झोपलेलं, लोकांना वाटलं आता म्हातारा बागेत बसेल. आणि त्याने आयुष्यातलं सगळ्यात धाडसी काम केलं.

एटकेन स्पेन्स कंपनीला हॉटेल हवं होतं सिगिरियाच्या पायथ्याशी. सिगिरिया म्हणजे तो पाचव्या शतकातला कातळावरचा राजवाडा, सगळे पर्यटक तिथेच जातात, धंद्याच्या दृष्टीने जागा फर्स्ट क्लास. बावा म्हणाला तिथे नको. काही किलोमीटर लांब कंदलमाच्या प्राचीन तलावाकाठी कड्याला लागून दुसरी जागा सुचवली, जिथून तलावापलीकडे क्षितिजावर सिगिरिया दिसतो. आता विचार करा, सिगिरियाच्या पायथ्याशी राहिलात तर सिगिरिया नीट दिसणारच नाही, आणि हॉटेल मात्र सिगिरियावरून सगळ्यांना दिसणार. लांब गेल्यावर दोन्ही प्रश्न सुटले. क्लायंटने मुद्दाम निवडलेली जागा बदलायला लावणं आणि त्याने ते ऐकणं, यालाच मी त्याची फिलॉसॉफी म्हणेन, बाकीचं सगळं त्यानंतर.

इमारत कड्याला बिलगून वळत वळत जाते, या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ एक किलोमीटर, दोन विंग, एक सिगिरिया आणि एक दांबुल्ला. साधी काँक्रीटची फ्रेम, खांबांवर उचललेली, म्हणजे डोंगरावरून येणारं पावसाचं पाणी आणि जनावरं खालून जाऊ शकतात. सपाट गच्च्यांवर माती आणि झाडं. दर्शनी बाजूला लाकडी जाळ्या आणि त्यावर वेली सोडल्या, त्या आता इतक्या माजल्यात की लांबून नुसती हिरवी भिंत दिसते. इथे कौलं नाहीत, चौक नाही, बाटिक नाही, बेंटोटाचं काहीच नाही. स्वतःचीच स्टाइल या वयात टाकून देणं सोपं नसतं.

आत शिरतानाही तेच जुनं तंत्र, गुहेसारख्या तोंडातून आत, मूळ कातळ लॉबीत तसाच ठेवलेला, त्याच्या कडेकडेने चाललात की शेवटी एकदम तलाव. आणि जिन्यावर शिल्पकार लकी सेनानायकेचं भलंमोठं घुबड.

कंदलमाला विरोध झाला होता म्हणे?

हो, जोरदार. पर्यावरणवाले होते, बौद्ध भिक्खू होते, तलावाचं पाणी घाण होईल, जंगल जाईल, दांबुल्लाच्या लेण्यांजवळ असलं पर्यटन नको, असे मुद्दे होते. मुद्दे काही चुकीचे नव्हते, शेतीच्या पाण्याच्या तलावाकाठी १५२ खोल्यांचं हॉटेल म्हणजे भीती वाटणारच. सांडपाण्यावर तिथेच प्रक्रिया करायची सोय केली गेली आणि पुढे हे हॉटेल इको फ्रेंडली म्हणून उदाहरणात द्यायला लागले. पण आजचं हिरवं कौतुक वाचून तेव्हाचे विरोधक मूर्ख होते असं समजू नये. विरोध होता म्हणूनही कदाचित काळजी जास्त घेतली गेली.

इन्फिनिटी पूल त्याने शोधला का?

तसा दावा लोक करतात, मी करणार नाही. काठावरून पाणी सांडतंय असे हौद त्याच्या आधीपासून आहेत. पण अहुंगल्लाचं ट्रायटन हॉटेल, १९८१ चं, त्यात त्याने जे केलं ते भारीच होतं, नारळांमधून गाडी येते, समोर पाणी, मग लॉबीची घोटीव जमीन, मग स्विमिंग पूल, मग समुद्र, आणि हे सगळं एका पातळीत असल्यासारखं दिसतं म्हणजे दारातूनच नजर थेट क्षितिजाला. इथे त्याने समुद्र लपवला नाही हे बघा! जागा सपाट होती, टेकाड नव्हतं, मग उलटं केलं. नियम कुठलाच नाही, जागा म्हणेल तसं.

गॉलच्या लाइटहाउसचा तो जिना?

१९९७ चं हॉटेल, खडकाळ किनारा आणि लाटा अक्षरशः आदळतात. खालून गोल बुरुजासारख्या जागेत शिरायचं आणि तिथल्या गोल जिन्यावर कठडाच मुळी सैनिकांचा, सिंहली आणि पोर्तुगीज यांची लढाई, भाले, घोडे, ढोल, सगळं धातूत. हेही लकी सेनानायकेचं काम. लढाईतून वर चढत गेलात की गच्चीवर नुसता समुद्र आणि वारा. काही जणांना हे जरा नाटकी वाटतं, मला नाही वाटत.

हे सगळं त्याने एकट्याने केलं का?

छे. सुरुवातीला डॅनिश आर्किटेक्ट उल्रिक प्लेस्नर बरोबर होता, १९५९ ते साधारण १९६६-६७, आणि त्या काळातल्या कामांत कोणाचं श्रेय किती यावर नंतर बराच खल झाला. मग इंजिनिअर पूलोगसुंदरम भागीदार झाले, त्यांच्याशिवाय एवढी मोठी कामं वेळेत उभी राहिली नसती, पण इंजिनिअरचं नाव कोण लक्षात ठेवतं! एना डी सिल्वा बाटिकसाठी, बार्बरा सान्सोनी हातमागाच्या कापडांसाठी, लकी सेनानायके शिल्पांसाठी. नंतरच्या काळात आर्किटेक्ट चन्ना दासवत्ते. त्याच्या ऑफिसच्या ड्रॉइंग्जमध्ये साइटवरची झाडं किती बारकाईने काढलेली असायची ते नेटवर शोधून जरूर बघा, पानं ओळखू येतात. जे झाड कागदावर एवढं नीट काढलंय ते साइटवर कोण तोडेल?

भारतात त्याचं काही काम आहे का?

आहे. चेन्नईच्या कॉनेमारा हॉटेलचं नूतनीकरण त्याने १९७० च्या दशकात केलं, मदुराईला एक क्लब केला. महाराष्ट्रात काही नाही.

त्यालाच ट्रॉपिकल मॉडर्निझमचा जनक म्हणतात, बरोबर?

म्हणतात (ट्रॉपिकल मॉडर्निझम म्हणजे उष्ण हवेला साजेशी आधुनिक वास्तुकला), पण मिनेट डी सिल्वाचं नाव घेतल्याशिवाय म्हणू नये. ती कँडीची, मुंबईत आर्किटेक्चर शिकलेली, मार्ग हे कलेचं नियतकालिक सुरू करणाऱ्यांमधली एक, आणि १९४८ मध्ये ब्रिटिश आर्किटेक्टांच्या रॉयल इन्स्टिट्यूटची सदस्य होणारी पहिली आशियाई बाई. आधुनिक घरात स्थानिक कारागिरी आणायचे प्रयोग तिने बावा पास होण्याआधीच सुरू केले होते. तिच्या वाट्याला मोठी सरकारी कामं आणि हॉटेलं आली नाहीत, बावाला आली. घरचा पैसा, वरच्या वर्तुळातली ओळख आणि पुरुष असणं, याचा त्यात वाटा होताच.

त्याच्यावर टीका काय होते?

मुख्य म्हणजे श्रीमंतांचा आर्किटेक्ट. १९३४ ची रोल्स रॉइस बाळगणारा माणूस, त्याचा साधेपणा हा महागातला साधेपणा. दुसरं, हॉटेलं परदेशी पाहुण्यांसाठी, म्हणजे गावातल्या कारागिरीचं कौतुक ज्यांनी करायचं ते विमानातून आलेले. यात तथ्य आहे, फक्त एक की तेच पैसे देऊन इंपोर्टेड झुंबर लावता आलं असतं, त्याने ते पैसे तिथल्या हातांना दिले. तिसरं मेंटेनन्स. उघड्या इमारतीत शेवाळ येतं, लाकूड कुजतं, माकडं शिरतात, रोज कोणीतरी झाडू घेऊन मागे लागावं लागतं. हॉटेलात तेवढा स्टाफ असतो म्हणून चालतं, कंदलमाची कल्पना जशीच्या तशी उचलून फ्लॅटच्या स्कीमला लावाल तर सोसायटीची भांडणं ठरलेली.

हॉटेलं सोडून काय बघावं?

कोलंबोजवळच्या कोट्टेची संसद, काम मिळालं १९७९ ला आणि उद्घाटन १९८२ ला, पाण्याने वेढलेल्या बेटावर तांब्याची छपरं. पाणथळ जागा खोदून तो तलाव तयार केलाय. मातारचं रुहुणु विद्यापीठ, टेकड्यांवर पसरलेलं. कोलंबोत बेइरा तलावातलं सीमा मालक हे बौद्ध मंदिर, छोटंसं पण शांत. वास्तुकलेच्या आगा खान पुरस्काराचा खास चेअरमन्स अवॉर्ड त्याला २००१ मध्ये मिळाला, पण १९९८ च्या स्ट्रोकनंतर त्याचं बोलणंच गेलं होतं.

त्याची हॉटेलं आज मूळ रूपात आहेत का?

थोडीफार. बेंटोटा बीचमध्ये मधल्या काळात इतके फेरफार झाले की ओळखू येईना, अलीकडे चन्ना दासवत्तेने ते पुन्हा उभं केलं, आता ते सिनॅमन बेंटोटा बीच. नावं बहुतेक सगळ्यांची बदललीत त्यामुळे शोधताना गोंधळ होतो, ट्रायटन म्हणजे आताचं हेरिटन्स अहुंगल्ला, सेरेंडिब म्हणजे अवानी बेंटोटा, बेरुवलाचं नेपच्यून म्हणजे हेरिटन्सचं आयुर्वेद हॉटेल, कंदलमा हेरिटन्स कंदलमा आणि लाइटहाउस जेटविंगचं. हॉटेलं ही कपड्यांसारखी बदलली जातात हो, नवा मालक आला की नवा रंग, त्यामुळे जे टिकलंय ते बघून घ्यावं. एना डी सिल्वाचं कोलंबोतलं घर तर सुटं करून लुनुगंगात परत बांधलंय.

सगळीकडे राहणं परवडणार नाही, मग कसं बघायचं?

बऱ्याच हॉटेलांमध्ये नुसतं जेवायला किंवा चहाला जाता येतं, आधी फोन करून विचारा. कोलंबोत नंबर ११ ची टूर वेळ ठरवून घेता येते, त्याचं जुनं ऑफिस आता गॅलरी कॅफे आहे, तिथे आरामात बसता येतं. लुनुगंगालाही गाइडबरोबर फिरवतात, राहायचीही सोय आहे, आणि बेंटोटाची हॉटेलं बघायच्या आधी लुनुगंगा बघा, त्याने जे पुढे तीस वर्षं हॉटेलांमध्ये केलं त्याची रंगीत तालीम त्या बागेत चालू होती. एकाच ठिकाणी राहायचे पैसे असतील तर कंदलमा निवडा. दुपारच्या चहापुरतं गेलात तर अर्धंच कळतं, संध्याकाळी तलाव काळा होतो आणि सकाळी धुक्यातून सिगिरिया वर येतो तेव्हा जागा बदलायचा हट्ट त्याने का धरला ते दिसतं. खोलीच्या बाल्कनीचं दार मात्र नीट लावून झोपा, माकडं खरंच आत येतात.